प्रोग्रामचा फोल्डर कॉपी करणं आणि सिस्टिम इमेज घेणं

हार्ड डिस्क फॉरमॅट करायची ठरली की काहीजण सी ड्राइव्हमधला ‘प्रोग्राम फाइल्स’ फोल्डर उचलून बाहेरच्या डिस्कवर टाकतात, काहीजण सिस्टिम इमेज, म्हणजे विंडोजसकट अख्ख्या ड्राइव्हची हुबेहूब प्रत घेतात. दोघेही ‘सगळे प्रोग्राम सेव्ह केलेत’ म्हणून निर्धास्त होतात. पहिल्याच्या हाती जवळजवळ काहीच लागलेलं नसतं आणि दुसऱ्याच्या हाती गरजेपेक्षा जास्त.

विंडोजमध्ये इन्स्टॉल केलेला प्रोग्राम एका जागी राहत नाही. मुख्य फाइली प्रोग्राम फाइल्समध्ये, सगळ्या युजरना लागणारा सामाईक डेटा ‘प्रोग्रामडेटा’मध्ये, तुमच्या स्वतःच्या सेटिंग ‘अ‍ॅपडेटा’मध्ये आणि बऱ्याचशा नोंदी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत. शिवाय मागे चालू राहणारी एखादी सर्व्हिस, एखादा ड्रायव्हर, विंडोजच्या ‘सिस्टिम32’ फोल्डरमध्ये पडलेल्या डीएलएल (प्रोग्रामना लागणाऱ्या सहायक) फाइली. फोल्डर कॉपी केला की यातला एक तुकडा तेवढा येतो. नव्या विंडोजवर तो ठेवून डबलक्लिक केलं, की ‘एमएसव्हीसीपी140.डीएलएल’ सापडत नाही अशी चौकट येते, नाहीतर प्रोग्राम पुन्हा लायसन्स मागतो, नाहीतर नुसताच ढिम्म राहतो. इन्स्टॉल न करता चालणारे पोर्टेबल प्रोग्राम याला अपवाद; ते फोल्डरसकट कुठेही हलवा, चालतात. मॅकवरही ‘अ‍ॅप्लिकेशन्स’मधून ओढून नेलेली बरीच अ‍ॅप्स चालतात, पण त्यांच्या सेटिंग ‘लायब्ररी’त मागे राहतात.

सिस्टिम इमेजची गोष्ट वेगळी. ती फाइली निवडत बसत नाही. विंडोज, रजिस्ट्री, प्रोग्राम, बूट होण्यासाठी लागणारी पार्टिशनं, सगळं आहे तसं उचलते. विंडोज 10 आणि 11 मध्येही ही सोय कंट्रोल पॅनेलमध्ये ‘बॅकअप अँड रिस्टोअर (विंडोज 7)’ या जुनाट नावाखाली आहे. बाहेरची डिस्क एनटीएफएस या पद्धतीने फॉरमॅट केलेली असावी लागते. तिच्यावर ‘विंडोजइमेजबॅकअप’ नावाचा फोल्डर तयार होतो. त्याचं नाव बदलू नका आणि तो दुसऱ्या फोल्डरात सरकवू नका, नाहीतर रिस्टोअर करताना विंडोजला तो दिसत नाही. रिकव्हरीचा पेनड्राइव्हही आधीच करून ठेवा, कारण फॉरमॅटनंतर बूट करायला डिस्कवर काही उरलेलं नसतं.

पण इमेजमधून ‘फक्त फोटो एडिटर परत द्या’ असं मागता येत नाही. परत येतं ते सगळंच. डिस्क बदलायची म्हणून फॉरमॅट करत असाल तर हेच हवं असतं (नवी डिस्क जुन्यापेक्षा लहान नको, एवढं बघा). मशीन रखडतंय किंवा व्हायरस शिरलाय म्हणून फॉरमॅट करत असाल, तर इमेज रिस्टोअर करणं म्हणजे झाडून काढलेला कचरा पुन्हा घरात ओतणं. दुसऱ्याच मशीनवर ती चढवायला गेलात तर ड्रायव्हरची भांडणं वेगळी.

तरीही मी अशा वेळीसुद्धा इमेज घ्यायला सांगेन, रिस्टोअर करण्यासाठी नव्हे तर विसरलेल्या गोष्टी शोधण्यासाठी. तिच्या आतली व्हीएचडीएक्स फाइल (अख्खी डिस्क साठवलेली एकच फाइल) विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून जोडली की साध्या ड्राइव्हसारखी उघडते आणि हवी ती फाइल काढून घेता येते. व्हायरसची शंका असेल तर त्यातली एक्सई, म्हणजे प्रोग्रामची फाइल मात्र चालवू नका.

प्रोग्राम मात्र नव्यानेच इन्स्टॉल करावेत. टर्मिनलमध्ये विंगेटची (विंडोजमधल्या प्रोग्राम इन्स्टॉल करणाऱ्या टूलची) एक्सपोर्ट कमांड दिली की त्याला ओळखता आलेल्या प्रोग्रामची यादी एका फाइलीत उतरते आणि नंतर इम्पोर्ट केल्यावर ते नेटवरून पुन्हा बसतात. सेटिंग त्यात येत नाहीत. त्यासाठी फाइल एक्सप्लोररमध्ये ‘हिडन आयटम्स’ चालू करून अ‍ॅपडेटा गाठायचा. फायरफॉक्सचे बुकमार्क आणि पासवर्ड, उदाहरणार्थ, अ‍ॅपडेटातल्या ‘रोमिंग’ फोल्डरखालच्या मोझिलाच्या प्रोफाइलमध्ये असतात. लायसन्स कीज वेगळ्या लिहून ठेवा. ठरावीक मशीनपुरतंच लायसन्स देणारा प्रोग्राम असेल तर फॉरमॅटच्या आधी तो उघडून डिअ‍ॅक्टिव्हेट करा. नाहीतर नंतर जुनं मशीन मोजणीत तसंच राहतं आणि कंपनीच्या सपोर्टला मेल पाठवत बसावं लागतं.