मे महिन्यातली नाहीशी होणारी सावली

मे महिन्याच्या सुट्टीत मुलांना भर दुपारी उन्हात सोडू नये, हे बरोबरच आहे. तरीही या महिन्यातल्या एका दुपारी, अवघ्या पाच-दहा मिनिटांसाठी, त्यांना अंगणात किंवा गच्चीवर जरूर नेले पाहिजे. त्या दिवशी मध्यान्हीचा सूर्य बरोबर माथ्यावर येतो आणि सरळ उभ्या ठेवलेल्या वस्तूची सावली तिच्या बुडाखाली नाहीशी होते. हा शून्य सावलीचा दिवस कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या दरम्यानच्या प्रदेशातच अनुभवता येतो. दिल्लीच्या मुलांना आपल्या शहरात तो कधीच दिसत नाही. महाराष्ट्र आणि गोवा मात्र संपूर्णपणे या पट्ट्यात येतात.

पृथ्वीचा अक्ष कललेला असल्यामुळे, सूर्य ज्या अक्षांशावर माथ्यावर येतो तो अक्षांश रोज थोडा बदलतो आणि मेमध्ये तो दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत असतो. पणजीत 2-3 मेच्या सुमारास, कोल्हापुरात 6-7, पुण्यात 13-14, मुंबईत 15-16 आणि नागपुरात 26 मेच्या सुमारास हा दिवस येतो. महिन्याच्या मध्यावर ही सरक दिवसाला सुमारे 26 किलोमीटर असते, म्हणून आपल्या गावाची तारीख एखाद्या दिवसाने चुकली तरी साध्या डोळ्यांना फरक जाणवत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये सूर्य दक्षिणेकडे परतताना हाच दिवस पुन्हा येतो, पण तेव्हा आपल्याकडे आभाळ बहुधा ढगांनी भरलेले असते. त्यामुळे खरी संधी सुट्टीतलीच.

तयारी आदल्या दिवशी, ऊन कोवळे असतानाच करावी. झाडूचा सुमारे एक मीटर लांबीचा दांडा ओल्या वाळूने भरलेल्या बादलीत रोवावा आणि दोऱ्याला किल्ली बांधून केलेल्या ओळंब्याने तो दोन्ही बाजूंनी सरळ आहे का, हे पाहावे. (बादलीच्या काठामुळे अडचण होत असेल तर पसरट घमेले घ्यावे.) सकाळी साडेआठ-नऊच्या सुमारास सावलीच्या टोकावर खडूने खूण करावी, दांड्याभोवती सैल दोरा धरून त्या खुणेतून जाणारे वर्तुळ काढावे आणि वेळ लिहून ठेवावी. दिवस चढतो तशी सावली आखडत वर्तुळाच्या आत जाते आणि दुपारनंतर वाढत वाढत पुन्हा वर्तुळाला टेकते. तिथे दुसरी खूण आणि दुसरी वेळ. या दोन खुणा जोडणारी रेषा म्हणजे पूर्व-पश्चिम दिशा. वेदी रचण्यासाठी दिशा ठरवण्याची हीच रीत कात्यायन शुल्बसूत्र या प्राचीन ग्रंथात दिलेली आहे, आणि आपल्या मुलांनी ती एकदा तरी स्वतःच्या हातांनी करावी असे मला मनापासून वाटते.

दोन्ही वेळांचा मध्य काढला की गावाचा खरा मध्यान्ह कळतो. तो घड्याळाच्या बाराला नसतो. भारताची प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशावर ठरलेली आहे आणि आपण त्याच्या पश्चिमेला आहोत. म्हणून मेच्या मध्यात मुंबईत सूर्य 12 वाजून 35 मिनिटांच्या सुमारास, पुण्यात 12:31 ला, तर मेअखेरीस नागपुरात 12:10 च्या आसपास सर्वांत उंच असतो. शून्य सावलीच्या दिवशी बरोबर याच वेळी दांड्याजवळ, आणि शेजारी उभ्या केलेल्या सरळ बाजूंच्या स्टीलच्या डब्याजवळ, सावली शोधूनही सापडत नाही. पाच मिनिटे उशीर झाला तर मीटरभर दांड्याची सुमारे दोन सेंटिमीटर सावली पूर्वेला उगवलेली दिसते, म्हणून टोपी घालून, पायात चप्पल असताना आणि पाणी पिऊन थोडे आधीच पोहोचावे. मुलांनी नजर जमिनीवर ठेवावी. सूर्याकडे थेट पाहायचे नाही, हा नियम आधीच समजावून सांगावा.

खरी गंमत त्यानंतरच्या दिवसांत आहे. तोवर मध्यान्हीची सावली उत्तरेला पडत होती. आता ती दक्षिणेला पडू लागते. पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य उगवण्यापासून मावळण्यापर्यंत आकाशाच्या उत्तर भागातच असतो, आणि बरोबर दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीवर त्या काळात थेट ऊन येत नाही. घराच्या भिंतींवर हात ठेवून मुलांना हे पडताळून पाहता येते.

नागपूरला मामा किंवा मावशी असेल तर कोल्हापूरच्या मुलांना पृथ्वीचा परीघही मोजता येईल. कोल्हापुरात सावली शून्य होते त्या दिवशी नागपुरातल्या मध्यान्ही 100 सेंटिमीटर दांड्याची सावली सुमारे 7.7 सेंटिमीटर असते. लहान कोनांसाठी सावलीला दांड्याच्या लांबीने भागून 57 ने गुणले की अंश मिळतात: इथे सुमारे 4.4. नकाशावर या दोन शहरांतले केवळ दक्षिणोत्तर अंतर मोजले तर ते सुमारे 490 किलोमीटर भरते. 4.4 अंशांना 490, तर 360 अंशांना किती? उत्तर 40,000 किलोमीटरच्या अगदी जवळ येते. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इजिप्तमध्ये इरॅटोस्थेनीस या ग्रीक विद्वानाने सायीनी आणि अलेक्झांड्रिया या शहरांच्या बाबतीत हाच विचार केला होता.

सावलीची कड नेमकी कुठे धरायची, हा प्रश्न मुले विचारतीलच. कड पुसट असते, कारण सूर्य बिंदू नसून आकाशात सुमारे अर्धा अंश रुंदीची तबकडी आहे. पुठ्ठ्याला दोन-तीन मिलिमीटरचे चौकोनी भोक पाडून ऊन पांढऱ्या कागदावर घेतले तर कागद जवळ असताना चौकोन दिसतो, आणि दोन मीटर मागे नेला की गोल कवडसा. तो सूर्याचीच प्रतिमा असतो. कागद आणि पुठ्ठा उन्हाला आडवे धरले तर त्याची रुंदी सुमारे 19 मिलिमीटर भरते. सूर्य 15 कोटी किलोमीटर दूर आहे, हे धरून त्रैराशिक मांडले की त्याचा व्यास सुमारे 14 लाख किलोमीटर येतो. आंब्याच्या झाडाखालचे गोल कवडसेही असेच बनतात.

दांडा आणि बादली सुट्टी संपल्यावर मोडू नये. 23 सप्टेंबरच्या सुमारास सावलीचे टोक दिवसभर वक्र न जाता जवळजवळ सरळ रेषेत चालते, आणि त्या दिवशीच्या मध्यान्ही सूर्य माथ्यापासून जितके अंश ढळलेला असतो तितकाच आपल्या गावाचा अक्षांश असतो. पुण्यात तेव्हा मीटरभर दांड्याची सावली साधारण साडेतेहतीस सेंटिमीटर भरते.