पेन्शन नाही, म्हणून काहीच नाही?

बीड, लातूर, परभणीकडं एक समज पक्का बसलाय: "पेन्शन बसली नाही त्या फौजीला सरकारकडून छदामही मिळत नाही." एसटी स्टँडवर नाहीतर देवळाच्या ओवरीत झोपणारे एखादे म्हातारे जवानही हेच सांगतात. हे खरं नाही.

जवानाला पेन्शनसाठी साधारण १५ वर्षं नोकरी लागते, हे बरोबर. पण पेन्शन नसलेला माणूसही माजी सैनिक असू शकतो. (बडतर्फ झालेल्यांची गोष्ट वेगळी.) खरं तर केंद्रीय सैनिक बोर्डाची निर्वाह मदत पेन्शन नसलेल्यांसाठीच आहे. वय ६५ च्या पुढं, हुद्दा हवालदारापर्यंत आणि नियमित उत्पन्न नाही, अशा माजी सैनिकाला किंवा त्याच्या विधवेला ती मिळते. आधी महिना ४,००० रुपये होते. १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ८,०००. पैसा येतो ध्वजदिन निधीतून. ७ डिसेंबरला आपण ज्याची तिकिटं घेतो, तोच.

अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत जातो. तहसीलला चकरा मारून लोक उगाच दमतात.

अडतं ते डिस्चार्ज बुकावर, म्हणजे सैन्यातून सुटताना मिळालेल्या नोकरीच्या नोंदीच्या पुस्तकावर. पुरात गेलं, वाळवीनं खाल्लं, घरच सुटलं तिथं कागद कुठला राहायचा! अशा वेळी त्या म्हाताऱ्या जवानांना आधी सैन्य क्रमांक विचारा. जेवण विसरतील, नंबर विसरत नाहीत. त्या नंबरावरून नोंद शोधता येते. नोंदी त्या-त्या रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयात असतात: मराठा लाइट इन्फंट्रीच्या बेळगावात, महार रेजिमेंटच्या मध्य प्रदेशातल्या सागरला.