आधी वाफ, मग बर्फ : घरच्या फ्रोझन खाऊची पार्श्वभूमी

पहिल्या वर्षी माझे वाटाणे वाया गेले. थंडीत मंडईत भाव उतरला तसा पाच किलो शेंगा आणल्या, दोन संध्याकाळी बसून सोलल्या आणि दाणे सरळ पिशव्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवले. होळीपर्यंत ते ठीक होते. पाडव्याला मसालेभातासाठी पिशवी फोडली तर दाण्यांचा हिरवा रंग मळकट झालेला, आणि शिजल्यावर पातेल्यातून वास आला तो वाळल्या कडब्याचा. चव तशीच. दाणे नासले नव्हते, पण खावेसेही वाटत नव्हते.

पुढे या विषयाचं वाचत गेले तेव्हा कळलं की हीच चूक १९२०च्या दशकात अमेरिकेतल्या कारखान्यांनीही केली होती, आणि त्यांच्या मालालाही असाच वाळल्या गवताचा वास यायचा. भाजी गोठली तरी तिच्यातली एन्झाइम्स, म्हणजे रासायनिक बदल घडवणारी प्रथिनं, पुरती थांबत नाहीत. उणे १८ अंशालाही त्यांचं काम संथपणे चालू राहतं, आणि काही आठवड्यांत ती रंग, वास, चव सगळं बिघडवतात. त्या दशकाच्या अखेरीला संशोधकांनी यावर उपाय पक्का केला : गोठवण्याआधी भाजी उकळत्या पाण्यात किंवा वाफेत थोडा वेळ धरायची आणि लगेच बर्फाच्या पाण्यात टाकायची. वाटाण्याला दीड ते दोन मिनिटं पुरतात, फरसबीला तीन. आज घरोघरी ‘ब्लांच करणं’ म्हणतात ते हेच. फ्रोझन भाजीचा सगळा धंदा या दोन मिनिटांवर उभा आहे.

फ्रीझरमध्ये खाऊ करून ठेवणं ही परक्यांची, आळशीपणाची सवय आहे असं आपल्याकडे अजून बरेच जण मानतात. मला ते पटत नाही. आधी अर्धं शिजवून ठेवायचं आणि लागेल तेव्हा तळून-परतून वाढायचं, ही आपल्या उन्हाळी कामांचीच रीत आहे. कुरडयांचा चीक आधी शिजतो, मग उन्हात जातो. साबुदाण्याच्या पापड्याही तशाच, आधी शिजवून मग घातलेल्या. कोहळ्याचे सांडगे, भरल्या सांडगी मिरच्या, पोह्याचे पापड : चैत्र-वैशाखात गच्चीवर जुनेर अंथरायचं आणि वर्षाची बेगमी करून ठेवायची. पावसाळ्यात भाजी महागली की डबा उघडायचा. मुळात हा सगळा खाऊ डाळी, तांदूळ, फळभाज्या यांचाच होता.

या साठवणीला एक किंमत मात्र होती. ऊन हवं, आणि उन्हाच्या जोडीला मीठ, पापडखार, तेल किंवा साखर यांपैकी काहीतरी हवंच. लोणचं टिकतं ते मिठावर आणि वर तरंगणाऱ्या तेलावर, मुरंबा टिकतो तो साखरेवर. पापडाचं पीठ खारट असतं ते नुसत्या चवीसाठी नाही. गोठवणं ही आपल्या स्वयंपाकघरात आलेली अशी पहिली साठवण आहे जिला मीठ, तेल, साखर, ऊन यांतलं काहीच लागत नाही. नुसत्या थंडीवर पदार्थ टिकतो. घरचा फ्रोझन खाऊ आरोग्याला चांगला म्हणतात त्याचं खरं कारण मला हेच दिसतं. त्यात काय घालायचं ते टिकवण्याच्या गरजेपोटी ठरत नाही, आपण ठरवतो.

थंडीवर पदार्थ साठवायची कल्पना काही प्रयोगशाळेत जन्मली नाही. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातले लोक शेकडो वर्षं बटाटे रात्रीच्या कडाक्यात उघड्यावर गोठवतात, दिवसा उन्हात ठेवतात, पायांनी तुडवून पाणी काढतात आणि पुन्हा वाळवतात. त्या ‘चुन्यो’ नावाच्या कोरड्या बटाट्याला वर्षानुवर्षं काही होत नाही. जपानमध्ये कोया पर्वताच्या नावाने ओळखलं जाणारं टोफू असंच हिवाळ्याच्या थंडीत गोठवून वाळवलेलं असतं, आणि तिथल्या बौद्ध मठांच्या शाकाहारी जेवणात त्याला मान आहे. पण या दोन्ही ठिकाणी थंडी फुकट मिळत होती.

आपल्याकडे ती विकत घ्यावी लागली. अकबराच्या काळात सोरा हा क्षार विरघळवलेल्या पाण्यात सुरई फिरवून पाणी गार करत आणि हिमालयातून लाहोरला बर्फ आणत, हे त्याचा दरबारी इतिहासकार अबुल फजलने आईन-ए-अकबरीत लिहून ठेवलं आहे. अलाहाबादकडे हिवाळ्याच्या रात्री उसाच्या किंवा मक्याच्या वाळल्या ताटांच्या थरावर उथळ मातीची भांडी मांडून बर्फ धरायचे, त्याचं वर्णन रॉबर्ट बार्कर या इंग्रजाने १७७५ साली छापलं. १८३३मध्ये बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर या बर्फाच्या व्यापाऱ्याने तळ्यातून कापलेला १८० टन बर्फ जहाजात भरून कलकत्त्याला पाठवला. चार महिन्यांच्या प्रवासात वितळून साधारण १०० टन उरला, तरी धंदा जमला. पुढच्याच वर्षी तो बर्फ मुंबईत उतरला. जमशेटजी जीजीभाईंनी मेजवानीत आइस्क्रीम ठेवलं आणि नंतर यजमान-पाहुणे दोघांनाही सर्दी झाली, अशी त्या वेळची हकिकत मुंबईच्या जुन्या आठवणींत येते. मला त्यात त्या शहराचं कुतूहल आणि धास्ती एकदमच दिसते. थंड खाल्लं की बाधतं ही समजूत आपल्या घरांतून आजही गेलेली नाही.

आजचं गोठवणं ज्याच्या नावाने ओळखलं जातं तो क्लॅरेन्स बर्ड्‌सआय १९१२च्या सुमारास आज कॅनडात असलेल्या लॅब्रॅडॉर भागात कातड्यांच्या व्यापारासाठी गेला होता. तिथल्या इन्युइट लोकांनी पकडलेला मासा बर्फाळ वाऱ्यात क्षणात गोठायचा, आणि महिन्यांनी शिजवला तरी ताजा लागायचा. त्याला त्यातलं मर्म कळलं : मासा किती थंड आहे यापेक्षा तो किती झटकन गोठला याला महत्त्व आहे. उणे १ ते उणे ५ अंशांच्या टप्प्यात पदार्थातल्या बहुतेक पाण्याचं बर्फ होतं. हा टप्पा रेंगाळत पार झाला तर बर्फाचे स्फटिक मोठे होतात आणि पेशींच्या भिंती फोडतात. झटकन पार झाला तर ते बारीक राहतात. थंडगार धातूच्या पाट्यांमध्ये पाकिटं दाबून गोठवायचं यंत्र त्याने बनवलं, आणि ६ मार्च १९३० रोजी मॅसॅच्युसेट्‌समधल्या स्प्रिंगफिल्ड गावच्या दुकानांत अशी पाकिटं पहिल्यांदा विकायला ठेवली गेली. मासे, मांस, फळं यांच्याबरोबर त्यांत वाटाणा आणि पालकही होता.

घरचा फ्रीझर हे काम कारखान्याइतक्या झपाट्याने करू शकत नाही. म्हणून घरी काय गोठवावं याची निवड महत्त्वाची ठरते. काकडी, टोमॅटो, भोपळ्याच्या कच्च्या फोडी या पाण्याने भरलेल्या गोष्टी वितळल्यावर लगदा होतात. उलट बेसन, डाळी, रवा, पोहे यांत आधी शिजवल्याने पाणी पिठाने धरून ठेवलेलं असतं. ते सुटं नसतं, म्हणून बर्फाचे मोठे खडे व्हायला वाव कमी. आपली कोथिंबीर वडी, अळूवडी, मुठिया फ्रीझरमध्ये इतक्या निगुतीने राहतात ते यामुळे. कुणी ठरवून केलं नाही, पण आपल्या वाफवलेल्या पदार्थांची घडणच या यंत्राला मानवणारी निघाली.

यंत्र घरात आलं ते मात्र फार हळू. गोदरेजने १९५८मध्ये भारतात बनवलेला पहिला फ्रिज बाजारात आणला. त्याआधी दूध-सायीला जाळीचं कपाट आणि शिंकं होतं. पुढची तीसेक वर्षं फ्रिज ही पाहुण्यांना दिसेल अशी बाहेरच्या खोलीत ठेवायची वस्तू होती. त्याच्या एकाच दाराआडच्या बर्फाच्या कप्प्यात ट्रे, आइस्क्रीम आणि फार तर कैरीचा गर ठेवत. हे कप्पे बहुधा पुरेसे थंड होतही नसत. फ्रीझरवर तारे असतात, एक तारा उणे ६ अंश, दोन तारे उणे १२, तीन तारे उणे १८. वीज वाचवण्याचे तारे वेगळे, त्यांच्याशी याचा संबंध नाही, आणि दुकानात दोन्हींची सरमिसळ हमखास होते. महिना-दोन महिने खाऊ ठेवायचा तर उणे १८च हवा.

दुसरा अडसर विजेचा. २००५नंतरची काही वर्षं मुंबईबाहेरच्या महाराष्ट्राने भारनियमनात काढली. आमच्या गावात सकाळी गेलेली वीज दुपारी यायची आणि संध्याकाळी पुन्हा जायची. त्या काळात माझ्या सासूबाई फ्रीझरमध्ये बर्फाखेरीज काही ठेवू देत नसत, आणि त्यांचं बरोबर होतं. वितळून पुन्हा गोठलेल्या पदार्थावर भरवसा ठेवू नये. गच्च भरलेला मोठा फ्रीझर दार न उघडता साधारण दोन दिवस थंडी धरतो, अर्धा भरलेला एक दिवस, पण आपल्या छोट्या कप्प्यांना तो हिशोब लागू नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून कमी घरांत फ्रिज आढळला. फ्रोझन खाऊविषयी लिहिताना हे विसरू नये. ज्यांच्याकडे फ्रिज नाही त्यांची साठवण अजून वाळवणावरच आहे.

बाजारातल्या फ्रोझन खाऊची वाट निराळी. भारतातून गोठवून बाहेर जायला लागली ती आधी कोळंबी, १९५०च्या दशकात, कोचीहून. भाज्या बऱ्याच नंतर आल्या. मदर डेअरीने १९८८मध्ये दिल्लीत ‘सफल’ नावाने ताज्या फळभाज्यांची दुकानं काढली, आणि पुढे त्याच नावाचा फ्रोझन वाटाणा घराघरात पोचला. १९९६मध्ये मॅकडोनाल्ड्‌स दिल्ली आणि मुंबईत आलं, आणि त्याच्या आलू टिक्कीने गोठवलेली बटाट्याची चकती शहरी मुलांच्या ओळखीची केली. मॅकेन ही कॅनडाची कंपनी १९९८मध्ये भारतात काम करू लागली आणि तिने गुजरातेत बटाट्याची करारशेती उभी केली. हे पदार्थ चवीला चोख असतात. मात्र फ्राइज आणि टिक्क्या बहुधा कारखान्यातच एकदा अर्धवट तळून मग गोठवतात, आणि घरी आपण त्या पुन्हा तळतो. पाकिटाच्या पाठीमागचे मिठाचे आणि चरबीचे आकडे वाचले की हे ध्यानात येतं.

गोठवण्याने आपल्याला मीठ-तेलाच्या सक्तीतून सोडवलं आणि बाजाराने ती सक्ती पुन्हा घरात आणली, याची मला मनापासून हळहळ वाटते. घरी तरी आपण ती आणू नये.

फ्रीझरला मानवणाऱ्या आपल्या बऱ्याच पदार्थांना आज ‘व्हीगन’ही म्हणता येईल. हा शब्द इंग्लंडमध्ये १९४४ साली डोनाल्ड वॉटसन आणि त्याच्या सोबत्यांनी घडवला. दूध-तूपही वर्ज्य करणारा आहार असा त्याचा अर्थ. आपला शाकाहार तसा नाही, त्याला दही-तुपाची ओढ आहे. पण न्याहारीच्या आणि मधल्या वेळच्या पदार्थांकडे नीट पाहिलं तर त्यांतले कितीतरी आपसूक दुधाशिवायचे आहेत. अळूवडीत बेसन, चिंच, गूळ, तीळ. डाळवड्यात हरभरा डाळ, मिरची, कढीपत्ता. पोह्यांच्या कटलेटमध्ये बटाटा, गाजर, वाटाणा. कटलेट हा शब्द आणि आकार साहेबाचा, पण रव्यात घोळवून तव्यावर परतलेलं कटलेट मराठी घरात कधीच मुरलं आहे.

आता आमच्याकडची कोथिंबीर वडी सांगते, कारण वर लिहिलेलं सगळं तिच्यात एकत्र येतं. दोन जुड्या कोथिंबीर निवडून, धुऊन, पंचावर पसरून पूर्ण कोरडी करायची. ओलावा राहिला तर पीठ सैल होतं आणि नंतर वडीवर बर्फ धरतो. बारीक चिरून त्यात बेसन, थोडं तांदळाचं पीठ, तीळ, आलं-मिरची, हळद, चवीपुरतं मीठ. लाटण्याएवढ्या जाडीचे उंडे वळून तेल लावलेल्या चाळणीत ठेवायचे, आणि वीस मिनिटं वाफ. ही वाफ म्हणजेच कारखान्यातलं ब्लांचिंग, आपल्या मोदकपात्रात झालेलं. उकळत्या पाण्यात टाकलेल्या भाजीचं क जीवनसत्त्व बरंचसं पाण्यात उतरतं, वाफेत कमी जातं.

उंडे पुरते गार होऊ द्यायचे. गरम कापले तर कडा फाटतात, गरम ठेवले तर डब्यात दव धरतं. मग बोटभर जाडीच्या वड्या पाडून ताटात एकमेकींना न चिकटवता मांडायच्या आणि ताट तसंच रात्रभर फ्रीझरमध्ये. सकाळी त्या खडखडीत सुट्या होतात, तेव्हा पिशवीत भरून हवा दाबून काढायची आणि वर तारीख लिहायची. एकेक दाणा सुटा गोठवायची कारखान्याची युक्ती घरच्या ताटात होते ती अशी. आमच्याकडे दीड-दोन महिन्यांत त्या संपतात. त्यापुढे कडा कोरड्या, पांढुरक्या पडायला लागतात.

काढल्यावर वितळू देऊ नयेत. वितळल्या की पाणी सुटतं, वडी मऊ पडते आणि तेलात टाकली तर तडतडते. गोठलेली वडी तशीच मंद आचेच्या लोखंडी तव्यावर, चमचाभर तेलात, झाकण ठेवून पाच मिनिटं एक बाजू, मग झाकण काढून दुसरी. शेवटी आच वाढवली की तीळ फुटायला लागतात.