किल्लीनं फुटणारा ड्रम

बेळगावात पाटीवर कन्नड आधी की मराठी, हा वाद काही मिटत नाही. अक्षरं मात्र दोन्ही भाषांची एकाच अ‍ॅक्रिलिक शीटमधून कापतात. असलीच सहा मिलिमीटर जाडीची शीट तापवून गोल वळवली आणि कडा चिकटवल्या, की ऑर्केस्ट्रात आतून एलईडी लावून झळकवतात तो आरपार ड्रम तयार.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या बिल झिकोस या ड्रमरनं असे ड्रम बनवायला घेतले. लुडविग या ड्रम कंपनीचा ‘विस्टालाइट’ हा अ‍ॅक्रिलिक ड्रम १९७२ मध्ये आला आणि लेड झेपेलिन या रॉक बँडचा ड्रमर जॉन बोनम यानं त्याचा मधाच्या रंगाचा, २६ इंची बेस ड्रमचा सेट १९७३ च्या दौऱ्यात वाजवल्यावर तो सगळ्यांच्या डोळ्यांत भरला. डोळ्यांत, हे महत्त्वाचं. आवाजाचं बरंचसं काम स्किन, तिचा ताण आणि शेलची, म्हणजे ड्रमच्या पोकळ अंगाची, घासलेली कड करते. कड कुठं उंच, कुठं खोल असेल तर लाकूड असो की अ‍ॅक्रिलिक, ड्रम सुरात लागत नाही. वजनात मात्र फरक चांगलाच जाणवतो: २२ बाय १८ इंचांचा सहा मिमी शेल साडेपाच किलोच्या वर भरतो, तेवढाच मेपलचा साडेतीनच्या आसपास. खानापूरकडच्या पावसात लाकूड ओल धरतं, अ‍ॅक्रिलिक जवळपास धरत नाही, हा खरा फायदा.

हा ड्रम काठीनं सहसा फुटत नाही. फुटतो स्किन आवळायच्या किल्लीनं आणि पुसायच्या स्पिरिटनं. स्किन ताणणारे रॉड ज्यात फिरतात तो शेलवर स्क्रूनं बसवलेला धातूचा तुकडा म्हणजे लग. तडा बहुतेक वेळा लगच्या स्क्रूच्या भोकापासून निघतो. तापल्यावर अ‍ॅक्रिलिक स्टीलच्या सहापट प्रसरण पावतं. लांब लगच्या दोन स्क्रूंमध्ये २०० मिमी अंतर असेल, तर २० अंशांच्या फरकानं तिथं पाव मिमीची ओढाताण होते. विसर्जनाच्या दिवशी उन्हात उभ्या टेम्पोत एवढा फरक सहज पडतो. म्हणून ५ मिमी स्क्रूला साडेपाच मिमीचं भोक, आतून रुंद नायलॉन वॉशर, आणि स्क्रू लग हलणार नाही इतपतच आवळायचा. उद्यमबागेतल्या कारखान्यात भोक पाडून घेणार असाल तर लोखंडाला भोक पाडायचा बिट तसाच लावू देऊ नका. त्याची धार मटेरियलमध्ये घुसते आणि पलीकडून टवका उडतो. पायऱ्या-पायऱ्यांनी रुंद होत जाणारा स्टेप बिट वापरा, मागे लाकडी ठोकळा धरा, दाब हलका ठेवा.

स्किन बसवताना सगळे रॉड आधी बोटानं टेकवा, मग समोरासमोरच्या जोड्या पाव-पाव फेऱ्यानं आवळा. एकच बाजू ओढली की कडेवर भार एकवटतो.

पुसायला पाणी, दोन थेंब भांड्यांचा साबण आणि मऊ सुती कापड. काचेचा अमोनियावाला स्प्रे, थिनर किंवा स्पिरिट लागलं, की ताण असलेल्या जागी, म्हणजे भोकांभोवतीच, केसांसारख्या बारीक रेघा उमटतात. त्या पॉलिशनं जात नाहीत. पीव्हीसी रेग्झिनच्या कव्हरमधलं मऊपणाचं रसायनही तेच करतं, त्यामुळे मध्ये जुनी सुती चादर गुंडाळा.

तडा गेलाच, तर त्याच्या अगदी टोकावर तीन मिमीचं भोक पाडा. अणकुचीदार टोक गोल झालं की भेग सहसा तिथंच थांबते. मग पाटीवाले अ‍ॅक्रिलिक जोडायला वापरतात ते पातळ द्रावण सुईनं भेगेत सोडा आणि दिवसभर ताण देऊ नका. भेग दिसत राहीलच. आरपार शेलमध्ये काही लपत नाही.