मोहल्ला समिती

मोहल्ला समिती : एकाच वस्तीत राहणारे वेगवेगळ्या धर्मांचे लोक आणि त्या भागाचे पोलिस ठरावीक काळाने एकत्र बसून किरकोळ तंटे मिटवतात, अफवांची शहानिशा करतात, अशी नागरी शांततेची व्यवस्था. तिचा पहिला मोठा प्रयोग ठाणे जिल्ह्यातील भिवंडीत 1988 पासून झाला. पुढे 1992-93च्या दंगलींनी होरपळलेल्या मुंबईने ती वेगळ्या रूपात स्वीकारली.

भिवंडी हे यंत्रमागांचे शहर. जुने कोकणी मुसलमान, उत्तर प्रदेशातून आलेले मोमीन-अन्सारी विणकर, तेलंगणातून आलेले पद्मशाली आणि आसपासचे आगरी-कुणबी असे सगळे येथे सूत, माग आणि कापडाच्या व्यवहारात एकमेकांशी बांधलेले आहेत. तरीही मे 1970 मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून येथे दंगल पेटली आणि तिचे लोण जळगाव व महाडपर्यंत गेले. त्या दंगलीची चौकशी करणाऱ्या न्या. मादन आयोगाने पोलिसांच्या वागणुकीवर कडक ताशेरे ओढले. मे 1984 मध्ये पुन्हा भडका उडाला, मुंबई आणि ठाण्यापर्यंत पोचला आणि शेकडो माणसे मेली. एकत्र धंदा असला की लोक लढत नाहीत, या समजुतीला भिवंडीने दोनदा खोटे पाडले.

दंगलीच्या आधी वा नंतर ‘शांतता समिती’ची बैठक घेण्याची प्रथा पोलिस खात्यात जुनी आहे. तिच्यात बोलावले जातात ते पुढारी, नगरसेवक, मौलवी, मंडळांचे अध्यक्ष. सणाच्या तोंडावर आवाहन निघते आणि पुढच्या सणापर्यंत कोणी कोणाला भेटत नाही. 1988 मध्ये भिवंडीचे पोलिस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी ही रीत उलटी केली. त्यांनी शहरात मोहल्ल्यामोहल्ल्यांत सुमारे 70 समित्या उभ्या केल्या. त्यांत दोन्ही समाजांची साधी माणसे घेतली, आणि समिती चालवण्याचे काम त्या भागात रोज फिरणाऱ्या कनिष्ठ पोलिसांकडे दिले. या शेवटच्या निर्णयाला पुरेसे महत्त्व दिले जात नाही. एरवी बंदोबस्तात फक्त हुकूम झेलणाऱ्या हवालदाराला आपल्या भागाची जबाबदारी मिळाली. गल्लीतल्या लोकांची नावे आणि त्यांच्या अडचणी त्याला कळू लागल्या, आणि लोकांनाही वर्दीतला माणूस नावाने ओळखता येऊ लागला.

बैठकीत बोलले जाई ते धर्मावर नव्हे. नळावरची बाचाबाची, तुंबलेली मोरी, भाड्याचा वाद, पोरांची हाणामारी असे विषय पुढे येत. कायद्याच्या भाषेत यांतले बरेचसे ‘अदखलपात्र’, म्हणजे पोलिसी बोलीत ‘एनसी’. दंडाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय पोलिस अशा प्रकरणाचा तपास करू शकत नाहीत. म्हणून नोंद होते, तक्रारदाराला कोर्टाची वाट दाखवली जाते आणि तो राग मनात घेऊन घरी परततो. दोन्ही बाजूंचे धर्म वेगळे असले की हाच राग समाजाचा राग होऊन बसतो. समितीने नेमकी ही जागा धरली. दोघांना समोर बसवून शेजाऱ्यांच्या साक्षीने वाद मिटवायचा, तोही दुसऱ्या कोणी त्याला धर्माचा रंग देण्याआधी. शांततेचे काम दंगल नसलेल्या दिवसांत करायचे असते, हे येथे पोलिस खात्याच्या रोजच्या कामात बसवले गेले.

बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबईत सुमारे 900 माणसे मारली गेली. शेजारची भिवंडी शांत राहिली. याचे सगळे श्रेय एकट्या समित्यांना देणे योग्य नाही, 1984च्या जखमाही शहराला आठवत होत्या. पण अफवा उठताच ती खरी की खोटी हे विचारायला ओळखीची माणसे पलीकडच्या मोहल्ल्यात होती, आणि ही ओळख आधीच्या चार वर्षांत जमली होती.

मुंबईत 1994 पासून पोलिस आयुक्त सतीश साहनी, माजी आयुक्त ज्युलिओ रिबेरो आणि कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मोहल्ला समिती चळवळ उभी राहिली. येथे पोलिसांपेक्षा नागरिकांचा वाटा मोठा होता, पुढे तिचा विश्वस्त न्यासही झाला. वस्तीतले तरुण आणि पोलिस यांच्यातील क्रिकेट सामने हा तिचा लोकप्रिय उपक्रम. धारावीत भाऊ कोरडे आणि वकार खान या जोडीने हे काम मनापासून केले. ‘हम सब एक हैं’ हे वकार खान यांचे भित्तिपत्रक, त्यावरची वेगवेगळ्या धर्मांच्या वेशांतली मुले, शहरात दूरवर पोचले.

या व्यवस्थेची कमजोरी उघड आहे. तिला कायद्याचे पाठबळ नाही. अधिकाऱ्याची बदली झाली आणि नव्या माणसाला रस नसला, की बैठका लांबतात आणि सभासद पांगतात. कधी समितीचे सभासदत्व पोलिस ठाण्यात वजन मिरवण्याचे साधन होते, आणि मग गरजू माणूस तिच्याकडे फिरकत नाही. 5 जुलै 2006 रोजी भिवंडीतच पोलिस ठाण्याच्या बांधकामाच्या जागेवरून वाद चिघळला. पोलिसांच्या गोळीबारात दोन नागरिक मेले आणि जमावाने दोन पोलिस शिपायांचा जीव घेतला. हा संघर्ष दोन धर्मांतला नव्हता, लोक आणि पोलिस यांच्यातला होता. म्हणजे ज्या नात्यावर समित्या उभ्या होत्या तेच तुटले होते.