रहस्यकथाकार (काम, कमाई आणि सोबत)

रहस्यकथाकार म्हणजे गुन्हा, त्याचा तपास आणि शेवटी उलगडा यावर कथा-कादंबरी लिहिणारा लेखक. जुने लोक डिटेक्टिव्ह कथा लिहिणारे म्हणायचे, हल्लीची पोरं क्राइम रायटर म्हणतात. गूढकथा आणि भयकथावाल्यांनाही लोक याच रांगेत बसवतात पण तो प्रकार वेगळा आहे, तिथे शेवटी भूत निघालं तरी चालतं, रहस्यकथेत भूत निघालं तर वाचक पुन्हा त्या लेखकाचं पुस्तक हातात घेत नाही. ही नोंद त्या लेखकाच्या रोजच्या कामाबद्दल आहे, तो माहिती कुठून आणतो, कुणाला विचारतो, पैसे कसे येतात, सोबतीला कोण असतं. उदाहरणं सोलापूरची घेतलीत, मी इथंच लिहितो म्हणून.

मराठीत हा प्रकार घराघरात नेला तो बाबुराव अर्नाळकरांनी (1906–1996). मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, पुस्तकं हजाराच्या वर, झुंजार आणि काळापहाड ही त्यांची पात्रं आमच्या आजोबांच्या पिढीला नातेवाइकांसारखी माहीत होती. त्यांच्यानंतर गुरुनाथ नाईक, ज्यांचा कॅप्टन दीप आणि गोलंदाज, आणि पुण्याचे सुहास शिरवळकर (1948–2003), ज्यांचा वकील अमर विश्वास आणि दारा बुलंद. ही पुस्तकं एसटी स्टँडवर, रेल्वे स्टेशनच्या स्टॉलवर आणि मुख्य म्हणजे गल्लीतल्या सर्क्युलेटिंग लायब्ररीत फिरायची, महिन्याची वर्गणी भरा आणि रोज एक घेऊन जा. विकत घेणारा एक आणि वाचणारे पन्नास असं ते गणित होतं, त्यामुळे लेखकाचं नाव गावभर झालं तरी त्याच्या खिशात त्या मानाने काही पडत नव्हतं. हे पुढे पैशांच्या भागात येईलच.

माहिती गोळा करणं

रहस्यकथाकार एकटा बसून लिहितो हे खरं, पण त्याला जे लिहायचं असतं ते जवळजवळ सगळं दुसऱ्याच्या डोक्यात असतं. हवालदाराच्या, वकिलाच्या कारकुनाच्या, सिव्हिलमधल्या वॉर्डबॉयच्या, मागावरच्या मुकादमाच्या. माझ्या मते या धंद्याची खरी बिरादरी ही आहे, बाकीचे लेखक नंतर येतात.

एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो. मी एक कथा लिहिली होती, सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका पॉवरलूम कारखान्यातली. रात्रपाळीत एकाचा खून होतो आणि संशयित म्हणतो मी रात्रभर मागावर होतो, शेजारचा कामगार साक्ष देतो की हो, माग चालूच होता, आवाज येत होता. मी ॲलिबी (गुन्ह्याच्या वेळी दुसरीकडे होतो हा बचाव) म्हणून एवढंच ठेवलं होतं आणि पुढे बुटाच्या ठशावरून उलगडा केला होता. कच्चं लिखाण घेऊन मी ओळखीच्या एका मुकादम काकांकडे गेलो, ते आयुष्यभर चादरीच्या कारखान्यात होते. कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढ्यात ठेवून त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "त्यो रातभर मागावर हुता म्हणतोस, मग सकाळी चादरी किती निघाल्या त्ये लिही की बे."

झालं. कामगाराला मजुरी नगावर मिळते, त्यामुळे पाळी संपली की चादरी मोजून वहीत लिहिल्या जातात, त्यात कुणी चूक करत नाही कारण तो पगाराचा प्रश्न असतो. माग नुसता चालू ठेवून निघून जाता येत नाही, धोट्यातली, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या नळीतली, धाग्याची कांडी थोड्या थोड्या वेळाने संपते, ती बदलावी लागते, बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा तुटला तर माग आपोआप थांबतो, ताण्याचा, म्हणजे उभा, तुटला आणि कुणी बघितलं नाही तर चादरीत तेवढ्या जागी फॉल्ट येतो. म्हणजे माणूस अर्धा तास जागेवरून हलला तर ते वहीतल्या आकड्यात नाहीतर कापडात दिसणारच. आवाज येत होता म्हणणारा साक्षीदारही खोटा नाही, चाळीस मागांच्या खडखडाटात एक बंद पडला तर शेजाऱ्याच्या कानाला काय कळणार. मी बुटाचा ठसा काढून टाकला आणि ती वहीच पुरावा केली. जगातल्या कुठल्या गुप्तहेराकडून उसना घेतलेला नाही असा माझा हा एकच उलगडा आहे आणि मला त्याचा फार अभिमान आहे.

दुसरी खाण भाषेची. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही चालतात, पद्मशाली म्हणजे विणकर समाजाच्या घरात बोलणं तेलुगूत, पण पोलिसात जबाब लिहिला जातो मराठीत. आता तेलुगूत 'बावा' म्हणजे थोरल्या बहिणीचा नवराही आणि वयाने मोठा मामेभाऊ किंवा आतेभाऊही. म्हातारी साक्षीदार म्हणते "बावा आला होता", लिहिणारा लिहितो "मेहुणा आला होता", आणि तपास चुकीच्या माणसामागे लागतो. कोणी खोटं बोललेलं नाही, कोणी लपवलेलं नाही, तरी रहस्य तयार. इथल्या नवीन लिहिणाऱ्यांना मी हेच सांगतो की लंडनचं धुकं कशाला पाहिजे, आपल्या गल्लीत कान देऊन बसा.

धुक्यावरून आठवलं, प्रेताच्या वेळेचा हिशोब. परदेशी कादंबऱ्या वाचून आपले लेखक अंग ताठायला किती तास लागले ते तसंच उचलतात. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या वर असतो, अशा उष्णतेत प्रेत लवकर ताठतं आणि लवकर सैलही पडतं, कुजायलाही लवकर लागतं. थंड देशातले तास इथे लावले तर मृत्यूची वेळच चुकते आणि मग त्यावर उभी केलेली सगळी ॲलिबी पडते. हे एखाद्या न्यायवैद्यक शिकवणाऱ्या डॉक्टरला विचारावं, लोक आनंदाने सांगतात, फक्त कुठल्या चालू केसबद्दल विचारायचं नाही.

पोलीस आणि कायदा

इथे सगळ्यात जास्त चुका होतात म्हणून थोडं थांबून लिहितो.

पहिली गोष्ट हद्द. सोलापूर शहराला पोलीस आयुक्तालय आहे आणि जिल्ह्याला वेगळे ग्रामीण एसपी. शहरात खून झाला तर फौजदार चावडी, जेलरोड, सदर बझार, जोडभावी पेठ यांपैकी ज्या ठाण्याची हद्द त्यांच्याकडे तो जातो आणि वर एसीपी, डीसीपी असतात. अक्कलकोट किंवा मोहोळच्या खेड्यात झाला तर उपविभागीय पोलीस अधिकारी, आणि गावात पहिल्यांदा कळतं ते पोलीस पाटलाला, जो 1967 च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाखाली नेमलेला असतो. माझ्याच एका जुन्या कथेत मी शहरातल्या साखर पेठेत पोलीस पाटील आणला होता. एका वाचकाने पोस्टकार्ड पाठवून विचारलं की हे कधीपासून, ते कार्ड मी अजून टेबलाच्या काचेखाली ठेवलंय.

दुसरी गोष्ट कलमं. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, खुनाची शिक्षा 302 मधून 103 मध्ये गेली. पण गुन्हा त्या तारखेच्या आधी घडलेला असेल तर कलम 302 च लागतं, म्हणून कथा कुठल्या साली घडते हे लेखकाने आधी ठरवायला पाहिजे. बोलण्यात मात्र हवालदार अजून "तीनशे दोनचा मॅटर" असंच म्हणतात, संवादात तसं लिहिलं तर चूक नाही, नव्या गुन्ह्याच्या एफआयआरच्या मजकुरात लिहिलं तर चूक.

तिसरी आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची, कबुली. आपल्याकडच्या निम्म्या रहस्यकथा अशा संपतात की इन्स्पेक्टर टेबलावर हात आपटतो, आरोपी घाम पुसतो आणि सगळं सांगून टाकतो. कोर्टात याला काही किंमत नाही. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, 1872 च्या पुरावा कायद्यात हे कलम 25 मध्ये होतं, आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 23 मध्ये आहे. कबुली धरायची तर ती सहसा मॅजिस्ट्रेटपुढे, स्वखुशीने दिलेली लागते. एक वाट मात्र उघडी आहे, आरोपीने सांगितलं आणि त्यावरून एखादी वस्तू सापडली, समजा विहिरीतून चाकू निघाला, तर जेवढ्या माहितीवरून तो निघाला तेवढा भाग पुराव्यात येतो. पूर्वीचं कलम 27 ते हेच. म्हणून खरा तपास करणारा अधिकारी आरोपीला रडवण्यापेक्षा दोन पंच, म्हणजे बाहेरचे साक्षीदार, घेऊन त्या विहिरीपाशी जातो आणि पंचनामा नीट करतो. पंच कोण होते, ते नंतर फिरले का, वस्तू सील कशी केली, लेबलवर सही कुणाची, केसचा निकाल अशा ठिकाणी लागतो आणि कथाही तिथेच लागायला पाहिजे. नार्को टेस्टचंही तसंच, 2010 च्या सेल्वी खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की माणसाच्या मर्जीविरुद्ध ती करता येत नाही, तरी कथांमध्ये इंजेक्शन टोचलं की सत्य बाहेर येतं.

आरोपीला अटकेनंतर 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढे न्यावं लागतं, आणि खुनासारख्या गुन्ह्यात 90 दिवसांत दोषारोपपत्र गेलं नाही तर त्याला जामिनाचा हक्क मिळतो. हे 90 दिवस म्हणजे आयतं घड्याळ आहे, कुणी का वापरत नाही मला कळत नाही.

पैसे आणि हक्क

नुसत्या रहस्यकथा लिहून घर चालवणारे फार थोडे. बहुतेकांची नोकरी असते, दुकान असतं, नाहीतर पेपरात काम असतं, आणि लिखाण रात्री. पूर्वीची पद्धत म्हणजे एकरकमी, हस्तलिखित द्या, व्हाउचरवर सही करा, पैसे घ्या, पुढे कितीही आवृत्त्या निघाल्या तरी तुमचा संबंध संपला. दिवाळी अंकांचं मानधन बऱ्याचदा पुढच्या दिवाळीपर्यंत लांबतं. 'धनंजय' आणि 'नवल' अशा अंकांनी रहस्य-गूढ कथेला वर्षानुवर्षं जागा दिली, हे उपकार विसरता येणार नाहीत. आता ॲप आणि ऑडिओ मालिका आहेत, तिथे भागाच्या शेवटी श्रोता अडकला पाहिजे म्हणून लेखनाची पद्धतच बदलली, संवाद वाढले आणि वर्णन गेलं.

मला स्वतःला एका प्रकाशकाने फसवलं आहे असं मी आजही म्हणतो. चार कथा एकरकमी घेतल्या, कागदावर मुदत काही लिहिली नव्हती, आणि अकरा वर्षांनी त्याच कथा नव्या कव्हरने बाजारात आल्या, मला कळलं ते नवी पेठेतल्या एका दुकानात पुस्तक हातात घेतल्यावर. तेव्हा मी गप्प बसलो कारण मला कायदा माहीत नव्हता. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 19 सांगतं की हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीने, आणि करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरायची, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. म्हणजे सहाव्या वर्षापासून त्या कथा माझ्याच होत्या. लेखक गेल्यावर हक्क आणखी 60 वर्षं वारसांकडे राहतो, अर्नाळकर 1996 ला गेले तर त्यांच्या लिखाणाचा 2056 च्या अखेरपर्यंत. घरात जुनं रहस्यकथाकार आजोबांचं कपाट असेल तर रद्दीवाल्याला बोलवायच्या आधी त्यातले करार वाचा, हे मी हात जोडून सांगतो.

सोबत

इंग्लंड-अमेरिकेत या लेखकांनी लवकर संघटना केल्या. लंडनमध्ये 1930 ला डिटेक्शन क्लब निघाला, त्यात येणाऱ्याला शपथ घ्यावी लागे की माझा गुप्तहेर योगायोगाने किंवा दैवी साक्षात्काराने गुन्हा सोडवणार नाही आणि मी वाचकापासून महत्त्वाचा धागा लपवणार नाही. अमेरिकेत 1945 ला मिस्टरी रायटर्स ऑफ अमेरिका, त्यांचा एडगर पुरस्कार, आणि 1953 ला ब्रिटनमध्ये क्राइम रायटर्स असोसिएशन. करार कसा करावा, विष कसं चालतं, पोलीस कसे काम करतात हे तिथे एकमेकांना सांगितलं जातं.

आपल्याकडे ही सोबत विखुरलेली आहे. एखादा व्हॉट्सॲप ग्रुप, दिवाळी अंकाच्या निमित्ताने फोन, आणि वाचनालय. हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या ठिकाणी कोणतं पुस्तक सारखं बाहेर असतं आणि कोणतं कपाटात पडून असतं हे काउंटरवरच्या माणसाला माहीत असतं, त्याच्याशी दहा मिनिटं बोललं तरी समीक्षेचं काम होतं.

आणि पहिला वाचक. प्रत्येक रहस्यकथाकाराकडे एक असा माणूस असतोच, ज्याला छापायच्या आधी वाचून दाखवायचं आणि तो ज्या पानावर "कळलं, खुनी कोण ते" म्हणेल त्या पानाचा नंबर पेन्सिलीने लिहून ठेवायचा. माझ्याकडे हे काम त्या मुकादम काकांची मुलगी करते, ती शाळेत शिकवते आणि गड्ड्याच्या यात्रेत पाळण्यात बसूनसुद्धा कथेबद्दल बोलू शकते. मागच्या कादंबरीत तिने 41 व्या पानावर ओळखलं, एकूण पानं 96. मी म्हटलं कशावरून, तर म्हणाली, "सर, सगळ्यांनी चहा घेतला, त्याचा एकट्याचाच कप तुम्ही उचलून ठेवलेला दाखवला." तो कप मी आधी काढला, मग परत ठेवला पण सगळ्यांचेच कप उचलले, मग बाईच्या हातून उचलवले. चार महिने गेले आणि आकडा 73 वर आला.