पहिल्या इंजेक्शनने दिसलं नाही, म्हणजे उपचार फुकट?

उतारवयात डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतो (मॅक्युलर डिजनरेशन), त्याबद्दल बरीच वर्षं एक मेसेज फिरतोय: ‘पहिल्या इंजेक्शननंतर नजर सुधारली नाही, तर पुढची घेऊन उपयोग नाही.’ महागडं इंजेक्शन, तेही डोळ्यात. असं वाटणं साहजिक आहे.

ही इंजेक्शनं या आजाराच्या ‘ओल्या’ प्रकारात देतात. त्यात पडद्याखाली नको त्या रक्तवाहिन्या वाढतात आणि पाझरतात. औषध तो पाझर थांबवतं. मेलेल्या पेशी मात्र परत येत नाहीत. म्हणून पाणी ओसरूनही नजर तेवढीच राहू शकते, आणि तेवढीच राहणं हेसुद्धा यशच. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत वर्षभर दरमहा इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी सुमारे ९५ टक्के लोकांची नजर मोठ्या प्रमाणात घसरली नाही. औषध न मिळालेल्यांत हे प्रमाण ६२ टक्के होतं. ठळक सुधारणा मात्र पूर्ण मात्रा घेणाऱ्यांतही साधारण तिघांत एकालाच झाली.

मग अंदाज कशावरून बांधायचा? सुरुवातीची नजर, वय, पडद्यावरच्या बाधित भागाचा आकार यांवरून थोडाफार. (गंमत म्हणजे आधीच बरं दिसणाऱ्यांना ‘सुधारणा’ कमी जाणवते, पण शेवटी त्यांनाच जास्त दिसतं.) सहसा महिन्याच्या अंतराने तीन इंजेक्शनं झाल्यावर चित्र बरंच स्पष्ट होतं.

पडताळायचं असेल तर आधीचा आणि नंतरचा ओसीटी स्कॅन (पडद्याच्या थरांचं चित्र) शेजारी ठेवून डॉक्टरांना विचारा: पाणी कमी झालं का, पडद्याखाली व्रण आहे का? घरी एकेक डोळा झाकून चौकटींचा कागद बघा. रेषा नव्याने वाकड्या दिसल्या, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.